प्रिस्क्रिप्शन लिहिण्याआधीच्या त्या बोलण्याबद्दल

आदरणीय डॉक्टर,

क्रॉनिक फटीग सिंड्रोमवर, म्हणजे विश्रांतीनेही न जाणाऱ्या थकव्याच्या माझ्या आजारावर, अजून एकही औषध सिद्ध झालेलं नाही, हे तुमच्याकडे येण्याआधीच मला ठाऊक होतं. तरीही कमी मात्रेतलं नालट्रेक्सोन घेऊन बघायचं, हा हट्ट माझाच. त्याआधी ‘थोडा व्यायाम करा, तरतरी येईल’ एवढंच ऐकायला मिळालं होतं. साधी आंघोळ केली तरी जिचा दुसरा दिवस अंथरुणात जातो, तिला हे सांगायचं!

तुम्ही पेन उचललंच नाहीत, याच आजारावर करून पाहिलेल्या रिटुक्सिमॅब या दुसऱ्या औषधाची हकिगत सांगत बसलात. २०११ साली नॉर्वेतल्या बर्गनमध्ये ३० रुग्णांच्या चाचणीत ते चमकलं आणि जगभरच्या रुग्णांनी त्याकडे डोळे लावले. मग १५१ जणांची मोठी चाचणी झाली. २०१९ मध्ये निकाल छापून आला: औषध मिळालेल्यांपैकी २६ टक्के सुधारले, औषधाविना सलाइन मिळालेल्यांपैकी ३५ टक्के. ‘बरं वाटलं तर हे ३५ टक्के आठवा,’ म्हणालात. खरं सांगते, तेव्हा रागच आला होता.

मग कामाचं बोललात. दारू आणि अफूजन्य पदार्थांचं व्यसन सोडवायला नालट्रेक्सोनची ५० मिलिग्रॅमची गोळी देतात. इथे हळूहळू वाढवत जास्तीत जास्त साडेचार. माझ्या वेदनाशामकांत ट्रामाडॉल हे अफूच्या जातीचं औषध नाही ना, हे तुम्ही पाकिटं मागवून तपासलंत, कारण नालट्रेक्सोन तसल्या औषधांचा परिणाम अडवतं. मधल्या काळात दुसरं काही नवं सुरू करायचं नाही. चांगला दिवस उगवला म्हणून जास्त चालायचं नाही (हे सगळ्यात अवघड!). आणि आंघोळीनंतरचा दुसरा दिवस कसा गेला, ही नोंद ताईनं ठेवायची, मी नाही. आशेवर असलेल्या माणसाच्या हातात वही द्यायची नाही, हे तुम्हाला बरोबर कळलं होतं.

सुरुवातीला स्वप्नांनी छळलं. तुम्ही गोळी रात्रीऐवजी सकाळी घ्यायला सांगितलीत. आता दुपारी डोकं जरा स्वच्छ असतं, पान-दोन पानं वाचून होतात. थकवा आहे तिथेच आहे. हा फरक गोळीचा की आपोआप पडलेला, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही, आणि म्हणूनच तुमच्या बाकीच्या बोलण्यावर माझा विश्वास आहे.

ठरल्याप्रमाणे आता काही दिवस गोळी थांबवून बघायची आहे. थोडी धास्ती वाटते. वही घेऊन ताई येईल. मला त्या दिवशी बसवलं नाही तर फोनवर बोलू, चालेल ना?

तुमची एक रुग्ण