जुन्या अंकांतल्या जाहिराती कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी शुक्रवार पेठेत राहतो. वय ७३. आजोबा छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे छपाईसाठी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारे होते, वडिलांनी घराच्या पुढच्या सोप्यात छपाईचं ट्रेडल मशीन टाकलं आणि ऑफसेट छपाई येईपर्यंत मीही खिळेच जुळवले. म्हणून हे पत्र लिहायचा मला थोडा हक्क आहे असं वाटतं.

नातीला कॉलेजच्या प्रकल्पासाठी पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या मधल्या काळातलं कोल्हापूर हवं होतं. तिला घेऊन एका ठिकाणी गेलो. तिथं जुन्या साप्ताहिकांचं स्कॅनिंग झालंय असं कळलं होतं. तिथल्या माणसांनी आपुलकीनं सगळं दाखवलं, तक्रार त्यांच्या वागण्याबद्दल नाही. पण संगणकावर पान उघडलं आणि मला धक्का बसला. अग्रलेख होता, दरबारची बातमी होती, एक कविता होती. कडेचे रकाने नव्हते. शेवटचं पान नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "तिथं नुसत्या जाहिराती होत्या, काका. वाचण्यासारखा मजकूर तेवढा घेतलाय." मूळ अंक कुठं आहेत याचं उत्तर कुणालाच देता आलं नाही.

त्या काळी कितीतरी पत्रांच्या पहिल्या पानावर जाहिराती आणि नोटिसाच असत, बातम्या आतल्या पानांवर. म्हणजे गावानं जे पान सगळ्यात आधी पाहिलं, तेच आपण फेकून दिलं.

माझेही डोळे उशिराच उघडले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं टाकली होती. आम्ही माणसं आणि गॅस सिलिंडर तेवढे घेऊन राजारामपुरीत बहिणीकडं गेलो. परत आलो तेव्हा आजोबांची पत्र्याची ट्रंक चिखलात आडवी पडली होती. आत त्यांनी जपलेले अंक, कात्रणं, प्रुफं. सगळ्याचा एकच ओला लगदा. घाईनं पान ओढलं की बोटाला चिकटून यायचं. मग सौभाग्यवतीची जुनी सुती लुगडी गच्चीतल्या खोलीत अंथरली, पंखा एकवर ठेवला आणि सुटेल तसं एकेक पान लुगड्याच्या घडीत ठेवत गेलो. सव्वा महिना लागला. निम्मं वाचलं, निम्मं गेलं. पान वाळेपर्यंत दुसरं काम नसायचं, तेव्हा ज्या जाहिराती लहानपणापासून नुसत्या ओलांडल्या होत्या त्या वाचल्या.

काय नव्हतं त्यांत! ओगल्यांचा प्रभाकर कंदील, किर्लोस्करांचे नांगर, शिवणयंत्रं, ग्रामोफोनच्या तबकड्या, अमृतांजन, शक्तीच्या गोळ्या, व्ही. पी. नं, म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन घरपोच मिळणारी घड्याळं. शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत दुकानांच्या जाहिराती तर दर अंकात. ही पेठ शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली, पुढं तिथला गूळ रेल्वेनं लांब लांब जाऊ लागला, हे आपण पुस्तकात वाचतो. पण गाडीतून आलेला माल, "नुकताच आला आहे, संपण्यापूर्वी यावे" असं दुकानदार गावाला सांगतोय, हे वाचताना पेठ जिवंत होते. १९३० नंतरच्या जाहिरातींत "संपूर्ण स्वदेशी" हे शब्द ठळक टाइपात दिसू लागतात. काडेपेटीपासून साबणापर्यंत. संस्थानातल्या पत्रांना चळवळीबद्दल मोकळेपणानं लिहिता येत नसे, तरी साबणाच्या जाहिरातीत ती येऊन बसली होती.

आता मोटारींचं सांगतो, कारण तिथं माझा जीव अडकलाय. ट्रंकेच्या तळाशी एक ब्लॉक, म्हणजे चित्र छापायचा ठसा होता. लाकडाच्या ठोकळ्यावर बारीक खिळ्यांनी ठोकलेला जस्ताचा पत्रा, तळहाताएवढा. त्यावर कापडी टपाची मोटार, कडेला जादा चाक, चाकाच्या काड्या झिजून सपाट झालेल्या. चिखल धुतला तरी खाचांत शाई तशीच राहिली. तो हातात घेऊन मी जुनी पानं पुन्हा चाळली. हीच मोटार मला चार निरनिराळ्या जाहिरातींत सापडली. एकीत नवी शेव्हरोले विकायची आहे, दुसरीत जुनी फोर्ड, तिसरीत टायर आणि पेट्रोलचे डबे, चौथीत भाडं घेऊन प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीचं वेळापत्रक. छापखान्याकडं मोटारीचं चित्र एकच, ते सगळ्यांना चालवायचं. चाकाच्या काड्या किती झिजल्यात ते पाहून कुठली जाहिरात आधीची, कुठली नंतरची, हे मला सांगता येतं. ज्या पानांचा वरचा तारखेचा भाग पुरात गेला, ती मी असंच क्रमानं लावली. जाहिराती कापल्या असत्या तर हे जमलं नसतं.

जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जोडायला सुरुवात केली. त्यानंतरच्या पानांवर मोटारीच्या जाहिराती वाढलेल्या मला स्पष्ट दिसतात. कोल्हापूरकरांना जुनी मोटार म्हटलं की दसऱ्याला दसरा चौकात येणारी छत्रपतींची मेबॅक आठवते, आणि आठवावीच. पण सामान्य माणूस मोटारीत बसला तो सर्व्हिस मोटारीत. एस. टी. आली १९४८ मध्ये. त्याआधी निपाणीला, पन्हाळ्याला, आंबा घाट उतरून रत्नागिरीला जायचं तर खासगी गाडी. ती कुठून सुटते, भाडं काय, ओझं किती नेऊ देतात, पावसाळ्यात घाट बंद झाला की काय, हे सगळं त्या दोन इंची चौकटीत असे. आज कुणाला त्या वाहतुकीचा अभ्यास करायचा तर दुसरा कागद कुठला आणणार?

आणि नोटिसा. बैल हरवल्याची नोटीस, त्यात शिंगांचा आकार आणि कपाळावरचा पांढरा ठिपकासुद्धा. दत्तकविधानाची नोटीस, भाऊवाटणीची. "तमाम लोकांस कळविण्यात येते की" ने सुरू होणाऱ्या. तालमीच्या वर्गणीचा हिशेब, कुणी किती आणे दिले ते नावानिशी. नाट्यप्रयोगाची जाहिरात, तिच्यात तिकिटांचे वर्ग आणि स्त्रियांच्या बसण्याची स्वतंत्र सोय. शाहू महाराजांच्या आधारानं निघालेल्या निरनिराळ्या समाजांच्या बोर्डिंगांत (विद्यार्थी वसतिगृहांत) प्रवेश सुरू झाल्याच्या सूचना, कुठल्या गावच्या मुलांनी कधीपर्यंत अर्ज करावेत. महाराज १९२२ मध्ये गेले, पण ती बोर्डिंगं कशी चालत राहिली हे मला या सूचनांतून कळलं. मग १९३० च्या पुढची पानं घ्या. शेतमालाचे भाव कोसळले होते. बातम्यांत समारंभ आणि सत्कार आहेत, नोटिसांत मात्र लिलावांची रांग लागलीय. जमीन, बैलजोडी, घर, तांब्याची भांडीसुद्धा. एका लिलावाच्या नोटिशीवर आजोबांनी पेन्सिलीनं बारीक फुली मारलीय. त्यात आमच्याच भावकीतल्या एकाचं शेत होतं, हे मला आजीनं सांगितलेल्या गोष्टीमुळं उमगलं. ते पान हातात घेऊन मी बराच वेळ बसून होतो.

नोटिशीला हलकं समजणाऱ्यांना एवढंच सांगेन. २६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा आदेश, ज्यानं मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या राखून ठेवल्या, तो करवीर सरकारच्या, म्हणजे कोल्हापूर संस्थानाच्या गॅझेटातच, सरकारी नोटिसांच्या पत्रातच छापून आला.

आणखी एक गोष्ट फक्त आमच्या धंद्यातल्या माणसाला दिसेल. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गाळलेले जुने अनुस्वार. येथें, नाहीं, दुकानें. अग्रलेख लिहिणारा माणूस शिकलेला, त्याचे अनुस्वार बिनचूक. जाहिरात मात्र दुकानदार स्वतःच्या हातानं लिहून आणायचा आणि कंपोझिटर ती बऱ्याचदा तशीच जुळवायचा. त्यामुळं कोल्हापूरचा माणूस खरा कसा बोलत होता ते अग्रलेखापेक्षा जाहिरातीत जास्त सापडतं. भाषेच्या अभ्यासकांना हे सांगायला नको, पण स्कॅन करणाऱ्यांना सांगायला हवं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा मी रस्त्यावर उभा होतो. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभी राहिलेली वास्तू. दुसऱ्या दिवसापासून सगळे तिचे जुने फोटो आणि कागद शोधू लागले. माझ्या ट्रंकेतली तिथल्या प्रयोगाची एक जाहिरात, अर्धी भिजलेली, त्या आठवड्यात किती जणांनी मोबाइलवर टिपून नेली!

तेव्हा माझ्या मागण्या अशा. शहरात ज्यांच्याकडं जुन्या अंकांचं काम चालू आहे त्यांनी पान पूर्ण घ्यावं, चारही कडांसकट, कोरी जागासुद्धा. स्कॅन झालं म्हणून मूळ अंक रद्दीत घालू नयेत. करवीर नगर वाचन मंदिरासारखं १८५० पासूनचं ग्रंथालय या गावात आहे, जुने कागद सांभाळायची सवय कोल्हापूरला नवी नाही. घरोघरी माळ्यावर, देवघराच्या फडताळात, ट्रंकेच्या तळाशी अस्तर म्हणून घातलेलं जुनं पान असेल तर तेही काढून एकदा बघा. पुराच्या पट्ट्यातल्या पेठांनी तर पावसाळ्याआधीच ते वरच्या मजल्यावर न्यावं. भिजलंच तर उन्हात टाकू नका, इस्त्री फिरवू नका. सुती कापड आणि संथ पंखा.

आपणही आठवड्यातून एकदा आपल्या पत्रात अशी एक जुनी जाहिरात मूळ टाइपासकट छापावी, खाली वर्ष द्यावं. आजही कुणीतरी म्हातारं माणूस "हे दुकान आमच्या बोळाच्या तोंडाशी होतं" असं सांगायला आहे. पाच-दहा वर्षांनी नसेल.

माझ्याकडची वाचलेली पानं एकूण १३७ आहेत. सगळी क्रमानं लावून पुठ्ठ्याच्या फायलीत ठेवलीत. पूर्ण पान स्कॅन करायचं कबूल करणाऱ्या कुणालाही मी ती घेऊन यायला तयार आहे. मोटारीचा ब्लॉकही बरोबर आणीन. एक ठसा काढून बघता येईल, शाई माझ्याकडं आहे.

आपला,
एक निवृत्त कंपोझिटर,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर