तांबडीला एवढ्यात कापू नको

सोलापूर

प्रिय सुऱ्या,

काल फोनवर तू घाईत होतास, बोलणं अर्धवटच राहिलं, पण काकू म्हणतायत की तांबडी कोंबडी अंडी देईना तर रविवारी रस्सा करून टाकू, हे ऐकल्यापासून मला चैन नाही बघ. म्हणून सविस्तर लिहायलोय. थांब लगा, तिला काही झालेलं नाही.

तूच म्हणालास ना, मान उघडी पडलीय, शेपटी गेलीय, खुराड्यात सगळीकडं पिसं. म्हणजे ती पिसं झाडायलीय. दीड एक वर्षाची कोंबडी पावसाळा सरून दिवस लहान व्हायला लागला की जुनी पिसं टाकते आणि नवीन काढते, आणि पिसात जवळपास ८५ टक्के प्रोटीनच असतं, त्यामुळं पोटात जे जाईल ते सगळं तिकडं लागतं, अंड्यासाठी काही उरतच नाही. तुरा आखडून फिका पडतो तो पण त्याचमुळं. ८ ते १२ आठवडे लागतात, काहींना जास्त पण. नीट बघशील तर मानेवर बारीक बारीक सुया उगवल्यासारख्या दिसतील, त्या नव्या पिसांच्या, त्यात रक्त असतं आणि हात लागला की दुखतं तिला, म्हणून पोरांना सारखं उचलू देऊ नको.

खायला काय देतोस ते पण सांगितलंस, नुसती ज्वारी. आपली मालदांडी कितीही चांगली असली तरी तिच्यात प्रोटीन १० टक्क्यांच्या आसपासच, आणि अंड्यावरच्या कोंबडीला लागतं १६ ते १८. शेंगदाण्याची पेंड थोडी कुटून मिसळ, पण बुरशी आलेली, काळी पडलेली पेंड अजिबात घालू नको, विषारी असते ती. अंगणात मोकळी सोड, किडे मुंग्या वेचू दे. पिसं भरून आली की शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेव, तिला पाहिजे तेवढा ती खाईल. एका अंड्याच्या कवचाला साधारण २ ग्रॅम कॅल्शियम लागतं, आहारात नसलं तर कोंबडी स्वतःच्या हाडातलं काढून घालते, म्हणजे विचार कर तिच्या अंगावर किती ताण येत असेल.

आता काकूंना दाखवायला एक करून बघ. रात्री ती शांत बसलेली असते तेव्हा हळूच उचल आणि शेपटीखाली दोन टोकदार हाडं लागतात त्यांच्या मधी बोटं ठेव. अंड्यावरच्या कोंबडीत दोन तीन बोटं आरामात बसतात, थांबलेलीत जेमतेम एक. तांबडीचं आत्ता एकच बसेल, घाबरू नको, पिसं आली की परत रुंद होतं. त्याच वेळी मोबाईलची बॅटरी लावून खुराड्याच्या फटी पण बघ, बारीक लाल किडे दिवसा तिथं लपतात आणि रात्री रक्त पितात, त्यानं पण अंडी बंद होतात. दिसले तर खुराडं रिकामं करून घासून उन्हात टाक.

बाकी दोघींचं वेगळं आहे. काळी घरट्यावरून उठत नाही, हात नेला की फुगते आणि टोचते म्हणालास, ती खुडूक बसलीय. गावरान कोंबडीचं हे ठरलेलंच, काही अंडी घालणार मग २१ दिवस उबवायची तयारी. पिल्लं पाहिजे असतील तर शेजारी ज्यांच्याकडं कोंबडा आहे त्यांची अंडी ठेव तिच्याखाली, बसू दे. नको असतील तर खाली जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेव, पोटाला गार हवा लागली की दोन तीन दिवसांत बहुतेक उठते, दाणापाणी मात्र समोरच ठेव. लोक पाण्यात बुडवतात, नाकातून पीस घालतात, ते करू नको, मला बघवत नाही.

आणि पांढरीचा तुरा लालभडक, खाणंपिणं झकास आणि तरी अंडं नाही? मग ती देत असणार, तुला सापडत नसणार. कडब्याच्या गंजीत हात घालून बघ, घरामागं बाभळीखाली बघ. मुंगूस आणि घुशी तुझ्याआधी पोचत असतील. दहा वाजेपर्यंत तिला कोंडून ठेव, कळेल.

उन्हाळ्याचं आत्ताच सांगून ठेवतो. आपल्याकडं पारा ४२-४३ पर्यंत जातो, पण त्याच्या बऱ्याच आधीपासून कोंबडी चोच उघडून धापा टाकते, खाणं टाकते, कवच पातळ होतं, मग अंडी थांबतातच. सावली, आणि मातीच्या परळात दिवसातून चारदा गार पाणी. अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं, एक दुपार पाणी संपलं तरी फरक पडतो.

एक मात्र लक्षात ठेव, तुरा काळपट पडला, हिरवी पातळ विष्ठा, मान वाकडी, असं काही दिसलं तर मला फोन करत बसू नको, थेट सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, मानमोडी म्हणजे राणीखेत रोग असेल तर सगळ्या जातील. लस दिलीयस का ते कळव.

गड्ड्याच्या जत्रेला येशीलच, तोवर तांबडीला पेंड चालू ठेव आणि मानेचा फोटो पाठव. काकूंना म्हणावं रस्स्याची कोंबडी मी घेऊन येतो.

तुझा,
बाळू