शुगरच्या वहीवर चिकटवलेल्या स्टिकरबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आभार मानायला दवाखान्यात आलो असतो, तर बाहेरची गर्दी दाखवून तुम्ही मला दोन मिनिटांत वाटेला लावलं असतं. म्हणून हे उघड पत्र. इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, बसवून घ्यायच्या विचारात असलेल्यांनीही ते वाचावं, असं दातांच्या लॅबमधला माणूस म्हणून मला वाटतं. आम्ही दातांच्या कॅपा बनवतो. तोंडात काय बिघडलंय ते आमच्या टेबलावर आलेल्या मापात बरंचसं दिसतं.

पहिले आभार, तुम्ही आत्याला पहिल्या भेटीत इम्प्लांट बसवलं नाही याचे. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, साडेनऊ होतं. ‘सातच्या आसपास आणा, मग बघू,’ म्हणालात. साखर चढी असली की जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि टायटॅनियमच्या स्क्रूला हाड नीट धरत नाही. मिश्रीचंही तेच. तंबाखू भाजून हिरडीला घासा नाहीतर गालात धरा, हिरडीचं वाटोळं ठरलेलं. मग तुम्ही विचारलंत, ‘हाडं ठिसूळ झालीत म्हणून आठवड्याची गोळी, वर्षाचं इंजेक्शन असं काही घेता का?’ आधीच्या दवाखान्यात हे कुणी विचारलं नव्हतं. आत्यानं आपणहून सांगितलंही नसतं. जे रोज घेत नाही ते तिच्या लेखी औषधच नाही. अ‍ॅलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, डेनोसुमॅब यांपैकी काही चालू असेल, तर जबड्याच्या हाडाची जखम भरून न येता हाड उघडं पडायचा धोका असतो. धोका थोडा असतो, पण एकदा झालं की निस्तरता निस्तरत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही सांगायच्या, आणि त्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

त्या आधीच्या दवाखान्यात ओपीजीचा, म्हणजे दोन्ही जबड्यांच्या एक्स-रेचा, एक फोटो काढून थेट पॅकेज सांगितलं होतं. ओपीजी सपाट. त्यात हाडाची उंची अंदाजानं कळते, रुंदी कळत नाही. सीबीसीटीत, म्हणजे जबड्याच्या थ्रीडी स्कॅनमध्ये, दोन्ही कळतात, शिवाय खालच्या जबड्यातली नस किती खोल आहे तेही. इम्प्लांटचं टोक आणि नस यांत निदान 2 मिलिमीटर अंतर हवं. भूल उतरायची वेळ होऊन गेली तरी ओठ किंवा हनुवटी बधिर असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. ‘उतरेल हळूहळू’ म्हणत आठवडा काढायचा नाही.

आणि पॅकेज म्हणजे काय, हे कागदावर घ्यावं. फलकावरचा आकडा कित्येकदा नुसत्या स्क्रूचा असतो. स्कॅन, अबटमेंट (स्क्रू आणि कॅप यांना जोडणारा तुकडा), वरची कॅप, हाड कमी असेल तर त्याची भर, हे सगळं मागाहून निघतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. उजव्या दाढेचं इम्प्लांट बसवल्यावर तुम्ही त्याच्या डबीवरचं स्टिकर सोलून आत्याच्या शुगरच्या वहीच्या आतल्या पानावर चिकटवलंत. कंपनी, व्यास 4.3, लांबी 10, लॉट नंबर. खाली पेनानं दाढेचा नंबर, तारीख आणि आतला स्क्रू फिरवायला कुठला ड्रायव्हर (पेचकस) लागतो ते. ‘ही वही तुम्ही सगळ्या डॉक्टरांकडे नेता, म्हणून हिच्यात,’ इतकंच म्हणालात. वेगळं कार्ड दिलं असतं तर ते गारगोटीच्या घरात कुठल्या पिशवीत गेलं असतं, देव जाणे.

या स्टिकरची किंमत डावीकडच्या दाढेनं शिकवली. ते इम्प्लांट त्या आधीच्या दवाखान्यातलं. कॅप हलायला लागली. कॅप हलली म्हणजे इम्प्लांट गेलं असं नाही. बहुतेक वेळा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो आणि तो पुन्हा आवळता येतो. पण कुठल्या कंपनीचा? प्रत्येकाचा खाचा वेगळा, कुणाचा षटकोनी, कुणाचा चांदणीसारखा. चुकीचा ड्रायव्हर घातला की स्क्रूचं डोकं घासलं जातं, आणि मग हाडात पक्कं बसलेलं, धडधाकट इम्प्लांटसुद्धा वाया जाऊ शकतं. तिकडे फोन केला तर ‘जुनं रेकॉर्ड नाही.’ डबीत फुकट येणारं स्टिकर कचऱ्यात टाकणाऱ्यांना काय म्हणावं! शेवटी एक्स-रेवरून आकार जुळवत तुम्ही ते शोधलंत, आणि आवळायचे पैसेही घेतले नाहीत.

नवी कॅप तुम्ही सिमेंटनं चिकटवायची न करता स्क्रूनं आवळायची मागवलीत, तेव्हा लॅबमध्ये आम्हाला बरं वाटलं. हिरडीखाली सांडलेलं सिमेंट दिसत नाही. तिथं सूज येते आणि हळूहळू हाड झिजतं. स्क्रूची कॅप पुन्हा उघडता येते. पुढच्या दातांत कोनामुळे ते नेहमी जमत नाही, हेही खरं.

‘एका दिवसात फिक्स दात’वाल्यांबद्दल फार लिहीत नाही. काहींना ते जमतं, पण स्क्रू बसवतानाच घट्ट धरलेला हवा आणि त्यावरच्या तात्पुरत्या दातावर चावायचं नाही. एरवी हाडानं स्क्रू धरेपर्यंत थांबायचं: खालच्या जबड्याला साधारण 3 महिने, वरच्या मऊ हाडाला 6 पर्यंत. तेवढ्यात पांढरा रस्सा कोमट करून प्यावा, नळी फोडायला दुसरी बाजू आहे. कॅप बसल्यावरही जरा जपावंच लागतं: खऱ्या दाताच्या मुळाभोवती दाब जाणवणारा पडदा असतो, इम्प्लांटला तो नाही. कॅप केसभर उंच राहिली तरी पेशंटला कळत नाही, स्क्रूला कळतं. म्हणूनच तुम्ही निळा कागद चाववून पुन्हा पुन्हा बघत होतात.

दर सहा महिन्यांनी आत्याला घेऊन येईनच.

आपला,
राजारामपुरीतला एक डेंटल टेक्निशियन

ता. क. मिश्री सोडली असं ती सांगते. घरच्यांचा विश्वास नाही. पुढच्या वेळी हिरड्या बघून तुम्हीच काय ते ठरवा.