गोळी बंद करणार नाही

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

हा विषय फोनवर काढायला माझी जीभ रेटत नाही. बाबांसमोर तर नाहीच. म्हणून पत्र.

आई, कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळे मूल होत नाही, ती आधी बंद कर, असं तू परवा पुन्हा म्हणालीस. भिशीत कुणीतरी सांगितलं असणार. पण ते अगदीच हवेतलं नाही. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाचं हार्मोन कोलेस्टेरॉलपासूनच बनतं आणि स्टॅटिनची गोळी यकृतात कोलेस्टेरॉल कमी बनू देते. शंका येणारच. प्रत्यक्षात मात्र अशा गोळ्या घेणाऱ्यांचं टेस्टोस्टेरॉन उतरलं तरी किंचितच उतरतं, असं दिसलंय. शुक्राणूंबाबत एकमत नाही. २०१४ च्या एका छोट्या अभ्यासात १० मिलिग्रॅम अटोर्वास्टॅटिनने संख्या घटली होती, इतर काही अभ्यासांत फरकच पडला नाही. म्हणून डॉक्टरांनी सरळ माझीच तपासणी केली. मिलिलिटरला १ कोटी ६० लाख हा खालचा आकडा धरतात, माझे चार कोटींच्या वर आहेत. (बाबा, एवढी ओळ वाचून पेपर वाचायला घेतलात तरी चालेल.)

गरोदरपणात बायकांची ही गोळी सहसा थांबवतात. भिशीत त्याचीच सरमिसळ झाली असावी.

बाबांची बायपास अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झाली, आजोबा तर त्याआधीच गेले. गोळीशिवाय माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २४० होतं, तेही तळलेलं सोडून. आपल्या घरातलं हे दुखणं तेला-तुपाचं नाही, रक्तातून आलेलं आहे. तुझ्या साजूक तुपाला मी उगाच बदनाम करणार नाही. पण मूल व्हावं म्हणून गोळी सोडायची आणि त्याला वाढवायला बापच धड राहायचा नाही, हे मला पटत नाही. पुढे गरज वाटली तर गोळी बदलायची की काही महिने थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे फरक आठवड्याभरात कळत नाही.

आणखी एक. हिच्या तपासण्या चालू आहेत. तिला नवस, काढे, गुरुवार काही सुचवू नकोस. ती तुला नाही म्हणत नाही आणि रात्री माझ्याजवळ रडते.

बाबा, विनूला लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करायला लावा. आईवडिलांपैकी एकाकडून प्रत्येक मुलात हे उतरण्याची शक्यता निम्मी असते. माझं तो ऐकत नाही, तुम्ही दटावलं तर जाईल.

तुमचा,
बाळू