ताई, त्या ‘नाही झालं’साठी थँक यू

ताई,

तुम्ही माझ्या कोऑर्डिनेटर, मला कामं मिळवून देणाऱ्या, पण फोनवर थँक यू म्हणलं की ‘बरं बरं, उद्याच्या ओळी पाठ कर’ म्हणून फोन ठेवता, म्हणून इथे लिहितोय. आज ५ नोव्हेंबर, रंगभूमी दिन, आणि १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिला खेळ केला त्या सांगलीचा मी, मग आज लिहिल्याशिवाय राहवेना.

मुंबईत आलो तेव्हा राज्य नाट्य स्पर्धेचं अभिनयाचं प्रमाणपत्र बॅगेत होतं आणि वाटायचं, कोणी प्रयोग बघितला की काम मिळेलच. पण बघायला येणार कोण? वर्सोव्याच्या आराम नगरात ऑडिशनला गेलं की दारातूनच चेहरा बघून ‘नॉट फिट’ म्हणतात, ते एक वेळ परवडलं, निदान कळतं तरी. तुम्ही भेटायच्या आधी जो कोऑर्डिनेटर होता, त्याने पोर्टफोलिओच्या नावाखाली पंधरा हजार घेतले, आईच्या भिशीचे होते ते, फोटो आले आणि माणूस गायब. मेसेजवर नुसत्या निळ्या टिका. एका जाहिरातीसाठी माझ्या चार तारखा ब्लॉक करायला लावल्या, त्यापायी मी दोन प्रयोग सोडले, ग्रुपने घाईघाईत रिप्लेसमेंट उभी केली, आणि शूट होऊन गेलं हे मला टीव्हीवर ती जाहिरात लागली तेव्हा कळलं. राग अजून गेलेला नाही, खरं सांगतो.

तुम्ही आलात ते तिकीट काढून. भर पावसात, साठ खुर्च्यांचा हॉल, निम्म्या रिकाम्या. पोर्टफोलिओचं नावही काढलं नाहीत, एवढंच विचारलंत, ‘पत्र वाचताना मध्येच थांबलास ते दिग्दर्शकाचं की तुझं?’ माझं म्हणलं, तर मान हलवून नंबर घेतलात.

पण मला कायम आठवेल तो त्या रविवारचा फोन. वेब सिरीजचा रोल, लुक टेस्ट झालेली, शेवटच्या दोघांत मी. शिवाजी मंदिरला चारचा प्रयोग करून मेकअप रूममध्ये बसलो होतो, खोबरेल तेलाने एका गालाचा रंग निघालेला, दुसऱ्यावर तसाच, आणि तुमचा फोन. ‘पडदा पडला ना? चहा घेतलास? आधी घे, मी थांबते.’ आणि खरंच थांबलात, कप हातात येईपर्यंत. मग म्हणालात, ‘नाही झालं रे. काम आवडलं त्यांना, वयात बसत नव्हतास.’ दोन मिनिटांचा फोन. मी तो चहा पूर्ण प्यायलो आणि दुसरा गाल पुसायला घेतला.

पुढे कास्टिंगच्या मुलाकडून कळलं की निरोप तुम्हाला दुपारी एकलाच आला होता. म्हणजे माझा प्रयोग किती वाजता हे तुम्हाला माहीत होतं, आणि तो संपेपर्यंत तुम्ही ते स्वतःजवळ ठेवलंत. माझ्या प्रयोगाची इतकी काळजी नात्यातल्या माणसांनीही घेतलेली नाही ओ.

त्यानंतर प्रत्येक ‘नाही’चा फोन तुम्ही केलात. ज्याने भोगलंय त्यालाच कळेल, उत्तर आलं नाही की पंधरा पंधरा दिवस फोन उशाशी घेऊन झोपतो माणूस, दुसरं काम घ्यायलाही धजत नाही. असा चांगुलपणा मी बॅकस्टेजला बघितलाय, दौऱ्यावर दिवसभर सेट लावून दमलेले मामा रात्री बसमध्ये आमच्यासाठी खिडकीची सीट सोडतात, पण तारखा आणि कमिशनच्या धंद्यात तो भेटेल असं वाटलं नव्हतं.

सिरीयलचं पहिलं पेमेंट आलं, नव्वद दिवस लागले पण आलं. आईला भिशीचे पंधरा हजार पाठवले. ती विचारत होती, त्या बाई जेवायला कधी येतायत.

पुढच्या रविवारी दीनानाथला चारचा प्रयोग आहे. तिसऱ्या रांगेतली कोपऱ्याची खुर्ची ठेवलीय. यावेळी तिकीट काढून आलात तर भांडेन.