लाल टिकली लागल्यानंतरचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चित्रप्रदर्शनाच्या बातमीत उद्घाटन कोणी केले, पाहुणे कोण होते, हे सविस्तर छापून येते. चित्र विकले गेल्याची खूण म्हणून त्याशेजारी लाल टिकली लागल्यावर पुढे काय होते, हे मात्र वाचकाला कळत नाही आणि पुष्कळदा खुद्द चित्रकारालाही नीट ठाऊक नसते. लहान, स्वतंत्र कलादालन चालेल की बंद पडेल, आणि तिथे चित्रे लावणाऱ्याला पुढच्या कामासाठी रंग-कॅनव्हास घेता येतील की नाही, हे बरेचसे त्या हिशेबावर ठरते. म्हणून हा पत्रप्रपंच.

काही दालने भिंती भाड्याने देतात. काय लावायचे ते चित्रकाराने पाहायचे. काही दालने चित्रकार निवडतात, भाडे घेत नाहीत आणि चित्र विकले गेले तरच आपला वाटा घेतात. हा वाटा किमतीच्या चाळीस ते पन्नास टक्के असणे नेहमीचे आहे. ऐकताना तो जबर वाटतो. पण जागा, दिवे, छायाचित्रण, विमा, नोकरांचे पगार आणि एकही चित्र न विकलेले महिने, हे सारे त्यातूनच भागते. भाडे आधीच वसूल झालेल्या दालनाला चित्र विकण्याची निकड राहत नाही. म्हणून भाडेही घेणाऱ्या आणि वर निम्मे कमिशनही मागणाऱ्या दालनाला चित्रकाराने सरळ नकार द्यावा, असे आमचे ठाम मत आहे.

वाटा किती, यापेक्षा तो कशावर मोजायचा यावरून जास्त भांडणे होतात. समजा, चित्राची किंमत १०० आहे आणि चित्रकाराने स्वतः २० खर्चून फ्रेम केली आहे. पूर्ण किमतीवर पन्नास टक्के कापले, तर चित्रकाराच्या हाती ५० येतात. त्यातून फ्रेम वजा जाता उरतात ३०, आणि दालनाला मिळतात ५०. फ्रेमचे २० आधी बाजूला काढून उरलेले ८० निम्मे केले, तर दोघांनाही ४० मिळतात. कांस्यशिल्पात तर ओतकामाचा खर्च इतका मोठा असतो की तो आधी वजा केला नाही, तर शिल्पकाराला पदरमोड करून शिल्प विकावे लागते. सवलतीचेही तसेच. ग्राहकाला दहा टक्के सूट दिली आणि ती दोघांनी वाटून घेतली, तर प्रत्येकी ४५. दालनाने सोसली तर चित्रकाराला ५०, चित्रकाराच्या माथी मारली तर ४०. कोणाला न विचारता किती टक्क्यांपर्यंत सूट देता येईल आणि ती कोणाच्या वाट्यातून जाईल, हे चित्र भिंतीवर चढण्याआधी लिहिलेले हवे. चित्रकाराचीही एक जबाबदारी आहे. दालनात १०० ला लावलेले चित्र स्टुडिओतून ६० ला देऊ नये. ही बातमी ग्राहकांत लगेच पसरते आणि मग दालनातली किंमत कोणीच खरी मानत नाही.

चित्र विक्रीसाठी ठेवले म्हणजे ते दालनाचे झाले नाही. विकले जाईपर्यंत मालकी चित्रकाराचीच राहते, आणि हे कागदावर असावे लागते. प्रत्येक कामाची नोंद वेगळी हवी: शीर्षक, वर्ष, माध्यम, मापे (आधी उंची, मग रुंदी, फ्रेमसह आणि फ्रेमविना), किंमत, विम्याची रक्कम, चित्र कधीपर्यंत ठेवायचे, नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा. ग्राहकाचे पैसे आल्यापासून तीस दिवसांत चित्रकाराचा वाटा द्यायचा, हेही त्यातच. एरवी चांगल्या हेतूने चालवलेली दालनेही चुकतात ती इथे. चित्रकाराचा वाटा दालनाच्या चालू खात्यात पडतो, तिथून वीजबिल आणि पुढच्या प्रदर्शनाची निमंत्रणे भागवली जातात आणि देणे मागे मागे सरकते. दालन बुडाले, तर दालनाकडून पैसे येणे असलेले लोक भिंतीवरच्या चित्रांवरही हक्क सांगू शकतात. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने अशी चित्रे आणि त्यांच्या विक्रीचे पैसे ही दालनाकडे असलेली विश्वस्त-ठेव, म्हणजे चित्रकारासाठी सांभाळलेली मालमत्ता, मानली आहे, ती याच कारणाने. असा कायदा नसेल तिथे वेगळे बँक खाते आणि सह्या केलेली यादी हाच आधार.

यादीसोबत छायाचित्रेही हवीत: पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांची, चित्र देताना आणि परत घेताना. फ्रेमचा कोपरा नेमका कुठे ठेचला, हा वाद एवढ्याने मिटतो. बबल रॅप रंगाला थेट लावू नये. ॲक्रिलिक रंग उष्णतेने मऊ पडतो आणि त्यावर गोल वण उठतात, ते जात नाहीत. रंगाला लागून ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद, त्यावर बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. काचेवर मास्किंग टेप फुलीसारखी लावली, तर फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. मात्र काचेऐवजी ॲक्रिलिकचा पत्रा असेल तर टेप लावू नये. जाड थराचे तैलचित्र आतून सुकायला महिने लागतात. प्रदर्शनाच्या तारखेसाठी घाईने व्हार्निश केलेल्या चित्राला पुढे तडे जाऊ शकतात.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंमीवर धरतात. खिळ्याची उंची काढायला त्यात फ्रेमची निम्मी उंची मिळवायची आणि फ्रेममागच्या ताणलेल्या तारेपासून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर वजा करायचे. फ्रेम ८० सेंमी आणि तार ८ सेंमी खाली असेल, तर १५० + ४० − ८ = १८२. एका हुकाऐवजी दोन लावले की चित्र तिरके होत नाही. प्रकाशाबाबत मात्र फार हयगय होते. जलरंग आणि कागदावरच्या इतर कामांना ५० लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक), तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत, हा संग्रहालयांतला प्रघात. प्रकाशाची हानी साठत जाते आणि भरून येत नाही. रोज आठ तास धरले, तर तीस दिवसांत ५० लक्सला १२,००० लक्स-तास होतात आणि २०० लक्सला ४८,०००. विकले न गेलेले जलरंगचित्र फिकट होऊन परत आले, तर त्याची भरपाई कोणी देत नाही.

मुद्राचित्र, म्हणजे ठशावरून छापलेले चित्र, घेताना ग्राहकाने पेन्सिलीतला आकडा पाहावा. ३/२५ म्हणजे पंचवीस प्रतींच्या आवृत्तीतली तिसऱ्या क्रमांकाची प्रत. चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती याव्यतिरिक्त असतात, त्या किती हेही विचारावे. आवृत्ती संपल्यावर त्याच ठशावरून आणखी प्रती काढणे ही आधीच्या खरेदीदारांची फसवणूक आहे.

चित्र पुढे चढ्या भावाने विकले गेले तर चित्रकाराला काय मिळते? फ्रान्सने १९२० मध्ये पुनर्विक्रीतला वाटा कायद्याने दिला. १९७१ मध्ये न्यूयॉर्कचे कलाविक्रेते व प्रदर्शन-संयोजक सेठ सीगलॉब यांनी वकील रॉबर्ट प्रोजान्स्की यांच्यासह एक करारनामा तयार केला. त्यात प्रत्येक पुनर्विक्रीत वाढलेल्या किमतीचे पंधरा टक्के चित्रकाराला देण्याचे कलम होते. कॅनडात १९८८ च्या दुरुस्तीने विक्रीसाठी नसलेल्या सार्वजनिक प्रदर्शनावरही कलाकाराचा हक्क मान्य झाला, त्यामुळे नुसते चित्र लावण्याचेही मानधन मागता येते. स्वतंत्र दालनांनी कायद्याची वाट पाहू नये. पुनर्विक्रीचे कलम विक्रीच्या पावतीवर घालता येते आणि खरेदीदाराचे नाव-पत्ता चित्रकाराला कळवता येतो. अनेक दालने हे नाव ग्राहक थेट चित्रकाराकडे जाईल या भीतीने लपवतात. त्यावर उपाय आहे: ठराविक मुदतीत तोच ग्राहक थेट आला तरी दालनाला ठरलेला वाटा मिळेल, असे कलम. नाव लपवले की वीस वर्षांनी पुनरावलोकन प्रदर्शन भरवताना निम्मी चित्रे कुठे आहेत हेच सापडत नाही.

आता आपल्या वृत्तपत्राकडे दोन मागण्या. प्रदर्शनातले चित्र छापताना त्याखाली चित्रकाराचे नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम आणि माप द्यावे, आणि जागेसाठी चित्र कापू नये. चित्राचा एखादाच भाग छापायचा असेल तर ‘तपशील’ असे लिहावे. दुसरी: जुने छायाचित्र पुन्हा वापरताना परवानगी चित्रकाराकडे मागावी. चित्र विकत घेणाऱ्याकडे कॅनव्हास जातो. प्रती काढण्याचा हक्क, लेखी दिला नसेल तर, चित्रकाराकडेच राहतो. त्यामुळे चित्राच्या मालकाने किंवा दालनाने दिलेली परवानगी पुरेशी नसते.

आपले,
कलादालनांत मांडणी व नोंदींचे काम करणारे काही वाचक