फार्मसीतल्या ताईंना, मनापासून

आदरणीय ताई,

डिसेंबर 2020 मध्ये इथे इंग्लंडमध्ये कोविडची लस सुरू झाली, तेव्हा आमच्या वॉर्डात आनंदापेक्षा धाकधूक जास्त होती. आम्ही भारतीय, फिलिपिनो, नायजेरियन, पाकिस्तानी. कोविडने गेलेले ब्रिटनमधले पहिले दहा डॉक्टर सगळेच्या सगळे अल्पसंख्याक समाजांतले होते, हे कोणी विसरलं नव्हतं. मास्क-गाऊनसाठी ताटकळलेल्यांना आता लशीसाठी मात्र पुढे बोलावत होते. मनात किंतु येणारच.

त्यात अंगावर युनिफॉर्म असला की शंका विचारायची चोरी. ‘नर्स असून एवढं कळत नाही?’ हे कोण ऐकून घेणार? मग व्हॉट्सअ‍ॅपवर येईल ते वाचत बसायचं.

तुम्ही रात्रपाळीच्या ब्रेकमध्ये आलात, सफाईवाल्यांपासून सिस्टरपर्यंत सगळ्यांना बोलावलंत आणि आधी आमचं ऐकलंत. डुकराचं जिलेटिन आहे का, असं एकीने विचारलं. तुम्ही फायझरच्या लशीचं माहितीपत्रक काढलंत आणि एकेका नावावर बोट ठेवत घटक वाचलेत: एमआरएनए (म्हणजे पेशींना विषाणूचं एक प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू), स्निग्ध पदार्थ, क्षार, साखर. प्राणिजन्य काही नाही, अंडंही नाही. तिने तो कागद घडी करून खिशात घातला, सासूबाईंना दाखवायला.

एमआरएनए पेशीच्या केंद्रकात शिरत नाही, म्हणून डीएनएला हात लागत नाही. चाचण्यांचे टप्पे गाळले नाहीत, एक संपायच्या आत दुसरा सुरू केला, म्हणून वेळ वाचला. हे इतकं सोपं करून आम्हाला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

पण मला सर्वांत भावलं ते वेगळंच. कृष्णवर्णीयांवर झालेल्या प्रयोगांचा विषय निघाला, तेव्हा ‘जुन्या गोष्टी’ म्हणून तुम्ही तो उडवून लावला नाहीत. अमेरिकेत टस्कीगीला 1932 ते 1972 सिफिलिस (एक लैंगिक आजार) झालेल्या कृष्णवर्णीय माणसांना उपचारांविना ठेवलं, हे खरं आहे, असं स्वच्छ सांगितलंत. गरोदर बायका त्या चाचण्यांत नव्हत्या, त्यामुळे त्यांच्याबद्दलची माहिती तेव्हा अपुरी होती, हेही लपवलं नाहीत. जे माहीत नाही ते ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या माणसाच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो, ताई. त्या रात्री तिथल्या तिथे होकार द्या, असा आग्रहही तुम्ही धरला नाहीत. घरी विचारून, विचार करून एकेकीने नाव नोंदवलं. मीही.

मनापासून आभार. आता परदेशातून नव्या मुली रुजू होताहेत आणि फ्लूच्या लशीचा हंगाम तोंडावर आलाय. त्यांच्यासाठीही रात्रपाळीलाच या. सगळ्यांना जमवायचं काम माझ्याकडे.

तुमची,
वॉर्डातली एक सिस्टर